बीनच्या शेजारी बसताना

मिस्टर बीनचे मूळ भाग एकूण 15. त्यातला पहिला 1 जानेवारी 1990 रोजी ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर लागला आणि 1995 मध्ये मालिका संपलीसुद्धा. एक भाग पंचवीसेक मिनिटांचा, म्हणजे सगळं मिळून सहा-साडेसहा तासांचा ऐवज. एवढ्याशा कामावर मुलांच्या दोन पिढ्या हसून गेल्या, तिसरी हसते आहे. या पुस्तकात त्या भागांवरची टिपणं आहेत, पण ती समीक्षा म्हणून लिहिलेली नाहीत. माझा मुलगा मोठ्या शिशुगटात असताना मी त्याला ही मालिका दाखवायला सुरुवात केली. पाहताना तो कुठे हसला, कुठे गप्प झाला, कुठे उठून माझ्या मांडीवर येऊन बसला आणि त्याने काय काय विचारलं, ते मी लिहीत गेले. आपल्या लहानपणीची एखादी आवडती विनोदी मालिका आपल्या मुलापर्यंत पोचवावी असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ती टिपणं इथे एकत्र केली आहेत.

मी साताऱ्यात वाढले. 2004 मध्ये पोगो ही वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर आम्हा भावंडांना बीन भेटला. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायचं आणि टीव्हीसमोर बसायचं. इंग्रजी आम्हाला फारसं येत नव्हतं आणि बीन पाहायला ते लागतही नव्हतं. दुपारी आजोबा झोपलेले असत म्हणून आवाज बारीक ठेवावा लागे, तरी काहीच चुकायचं नाही. घरात टीव्हीवरून होणाऱ्या सगळ्या भांडणांत बीनपुरता तह होता. मोठेपणी मी जगातले पुष्कळ चांगले विनोदी चित्रपट पाहिले, पण हसता हसता पोट धरून जमिनीवर लोळायला लावणारा माणूस माझ्यासाठी तो एकच राहिला. आपल्याला जे इतकं आवडलं ते मुलालाही आवडावं ही इच्छा अगदी साधी आहे. तिच्यात धोकाही आहे. आपण त्याला मालिका दाखवत असतो की आपलं लहानपण, याचा गोंधळ उडतो. मग तो हसतोय की नाही याच्याकडे आपलं लक्ष लागतं, आणि मुलाला ते लगेच कळतं.

म्हणून एक नियम मी सुरुवातीलाच ठरवला: पाहताना बोलायचं नाही. ‘आता बघ हं, आता मज्जा येणार’ हे वाक्य मुलाचा विनोद काढून घेतं. विनोद पाहणाऱ्याला स्वतः सापडावा लागतो. मी शेजारी बसायचे, त्याने विचारलं तर उत्तर द्यायचे, नाहीतर गप्प. आजी म्हणजे माझी आई खुर्चीत असायची, तिलाही हेच सांगितलं होतं. तिला ते जड गेलं, पण तिने पाळलं.

आजच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्यांना बीन आधीच माहीत असतो, पण कार्टूनमधला. 2002 मध्ये त्याची ॲनिमेशन मालिका सुरू झाली आणि आता मुलांची पहिली ओळख तिच्यातूनच होते. माझ्या मुलाने खराखुरा बीन पाहिला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, “आई, हा माणूस कार्टूनसारखा ड्रेस घालून आलाय का?” मग कितीतरी वेळ तो घरमालकीण मिसेस विकेट आणि तिचा बोका स्क्रॅपर यांना शोधत होता. ती दोघं कार्टूनमधली. मूळ मालिकेत ती नाहीतच. पण ‘खरा माणूस’ म्हटल्यावर त्याचं पाहणं बदललं. कार्टून पडलं तर त्याला लागत नाही. हा पडला की मुलगा माझ्याकडे बघायचा, लागलं का ते विचारायला.

मालिकेच्या शीर्षकाच्या वेळी काळोख्या रस्त्यावर प्रकाशाचा झोत पडतो आणि त्यातून बीन वरून धप्पकन खाली आपटतो. मागे हॉवर्ड गुडॉल यांनी बांधलेलं, चर्चमध्ये गातात तसं गंभीर लॅटिन समूहगान. आम्ही भावंडं लहानपणी त्या पडण्याला फक्त हसायचो. मुलाने विचारलं, “तो आकाशातून पडला म्हणजे त्याला आई नाही?” मी म्हटलं, दिसत तरी नाही. त्यावर तो म्हणाला, “म्हणूनच त्याला कुणी सांगितलं नाही.” काय सांगितलं नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढचे सगळे भाग मी त्या उत्तराच्या उजेडात पाहिले.

बीन साकारणाऱ्या रोवन ॲटकिन्सन यांनी स्वतः त्याचं वर्णन मोठ्या माणसाच्या शरीरातलं मूल असं केलं आहे. हे वर्णन इतक्यांदा छापून आलं आहे की ते नुसतं मान हलवून सोडून दिलं जातं. पाच-सहा वर्षांच्या मुलाजवळ बसून पाहिलं की त्यातलं नेमकं काय खरं आहे ते कळतं. या वयात मूल दिवसभर नियम शिकत असतं. रांगेत उभं राहायचं, शिंक आली की रुमाल धरायचा, ताटातलं संपवायचं, दुसऱ्याच्या वहीत बघायचं नाही, देवासमोर गडबड करायची नाही. नियम कळलेले असतात, पण ते का आहेत ते अजून कळलेलं नसतं. बीनची अवस्था हीच आहे. रांग असते हे त्याला ठाऊक आहे, ती कशासाठी असते हे नाही. त्यामुळे आपल्याला तो वेंधळा वाटतो आणि मुलाला तो आपल्यातला वाटतो, फक्त रागवायला कुणी नसलेला. मूल हसतं त्यात ‘मला हे माहीत आहे आणि याला नाही’ असा थोडा अभिमान असतो, आणि ‘मलाही असंच करावंसं वाटतं’ अशी थोडी कबुलीही असते. नियम अंगात मुरल्याची माझ्या पाहण्यातली सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे हे हसू.

पहिल्याच भागातला चर्चचा प्रसंग घ्या. बीन प्रवचनाला बसला आहे, शेजारी एक सभ्य गृहस्थ (रिचर्ड ब्रायर्स). बीनला शिंक येते, रुमाल नाही. मग खिशाचं अस्तर बाहेर काढून काम भागवतो. मग डोळे मिटायला लागतात. मग गोळी खायची हुक्की येते आणि ती कुणाला दिसू न देता तोंडात कशी घालायची याची खटपट चालते. शेवटी सगळे स्तोत्र म्हणायला उभे राहतात. बीनला शब्द येत नाहीत, तो पुटपुटत राहतो आणि ‘अलेलुया’ आलं की तेवढं मात्र छाती भरून गातो. चर्च म्हणजे काय हे माझ्या मुलाला समजावून द्यावं लागेल असं मला वाटलं होतं. तशी वेळच आली नाही. गणपतीच्या आरतीला टाळ हातात घेऊन उभं राहिलेलं आणि मधली कडवी तोंडातल्या तोंडात ढकलून ध्रुवपदाला बेंबीच्या देठापासून ओरडणारं मूल कोणत्याही मराठी घरात सापडेल. तो म्हणाला, “हा आपल्या वाड्यातल्या दादासारखं करतोय.” आजीला हसू आवरेना.

आता मला जिथे जास्त वेळ थांबायचं आहे तो प्रसंग तिसऱ्या भागातला. बागेतला एक बाक. एक माणूस डब्यातलं सँडविच काढून खातो आहे. शेजारी बीन येऊन बसतो. त्यालाही सँडविच खायचं आहे, पण तो ते तयार करून आणत नाही, तिथेच करतो. कोटातून आख्खा पाव निघतो. कात्रीने त्याचे काप काढले जातात. लोणी लावायला क्रेडिट कार्ड. सॅलडची पानं नळावर धुतली जातात आणि पायातला मोजा काढून, त्यात ती घालून गरागरा फिरवून पाणी निथळलं जातं. बरणीतून मासे निघतात, ते अजून जिवंत आहेत. मिरी रुमालात बांधून बुटाने ठेचली जाते. गरम पाण्याच्या रबरी पिशवीत चहा, दूध बाळाच्या बाटलीतून. आणि हे सगळं चाललेलं असताना बीनच्या चेहऱ्यावर गंमत करत असल्याची छटाही नाही. तो अत्यंत नीटनेटका, मन लावून काम करणारा माणूस आहे.

या प्रसंगात मुलगा बराच वेळ हसला नाही. पुढे सरकून बसला आणि पाहत राहिला. कात्रीने पाव कापता येतो ही त्याच्या दृष्टीने एक माहिती होती. मोज्याला मात्र हसला. मोजा घाण असतो हा नियम त्याला पक्का माहीत आहे. मासे आले तेव्हा त्याला आवडलं नाही आणि त्याने डोळ्यांवर हात घेतले. आजीने कपाळावर हात मारला तो कोटातून आख्खा पाव निघाला तेव्हा. मी हसले ते शेजारच्या माणसाच्या चेहऱ्याला. अँगस डेटन यांनी तिथे जवळजवळ काहीही न करता जे केलं आहे ते लहानपणी मला दिसलंच नव्हतं. एका खोलीत तीन पिढ्या तीन ठिकाणी हसत होत्या.

मग बीनला शिंक येते. इतका खपून केलेला सगळा पसारा उधळला जातो. आणि तो शेजारचा माणूस, जो इतका वेळ बघत होता, आपल्या सँडविचमधलं त्याला देतो. मुलाने टाळ्या वाजवल्या. त्या रात्री झोपताना तो ना मोज्याबद्दल बोलला, ना शिंकेबद्दल. “त्या काकांनी डबा शेअर केला ना,” एवढंच म्हणाला. त्याच्या वर्गात त्या दिवसांत हेच शिकवणं चाललं होतं.

फोनवर या प्रसंगाची शिंकेपासून पुढची वीस सेकंदं फिरताना मी पाहिली आहेत. कृपा करून मुलाला ती दाखवू नका. शिंक गमतीची ठरते ती आधीच्या मेहनतीमुळे. कात्री, कार्ड, मोजा, बूट हे सगळं डोळ्यांदेखत झाल्यामुळे. तुकडा पाहणारं मूल एक माणूस शिंकला एवढंच पाहतं. हसण्याआधी थांबावं लागतं, एकावर एक रचत जाणारी गोष्ट धीराने पाहावी लागते. हा धीर लहान मुलात असतो. तो नसतो असं आपणच ठरवून टाकलं आहे. आख्खा प्रसंग लावा, तो संपला की बंद करा. एका वेळी एक प्रसंग पुरतो.

ॲटकिन्सन शिक्षणाने विद्युत अभियंते. न्यूकॅसलला पदवी, पुढे ऑक्सफर्डला पदव्युत्तर शिक्षण, आणि तिथेच नाटकवाल्यांची संगत. बीनच्या प्रसंगांमध्ये मला तो अभियंता दिसतो. एक अडचण, तिच्यावर बीनचा उपाय, त्या उपायातून नवी अडचण. साखळी कुठेही तुटत नाही. रिचर्ड कर्टिस आणि रॉबिन ड्रिस्कॉल यांच्यासोबत हे प्रसंग लिहिले गेले. फ्रेंच दिग्दर्शक झाक ताती यांच्या ‘मिस्टर हुलोज हॉलिडे’ या 1953 च्या चित्रपटाचं ऋण ॲटकिन्सन यांनी मानलं आहे. आणि मालिका येण्याआधी, 1987 मध्ये, माँट्रियलच्या ‘जस्ट फॉर लाफ्स’ महोत्सवात त्यांनी आपला प्रयोग मुद्दाम फ्रेंच भाषकांच्या कार्यक्रमात ठेवायला लावला. भाषेचा आधार नसताना हा माणूस लोकांना हसवतो का, ते त्यांना पाहायचं होतं. साताऱ्यातल्या आमच्या दिवाणखान्याचा निकाल त्या दिवशीच लागला होता म्हणायचा.

ही भाषेची गोष्ट मराठी घरात फार महत्त्वाची आहे. आपला विनोद मुख्यतः बोलण्यातला. चिं. वि. जोशींचा चिमणराव, पु. ल. देशपांड्यांच्या व्यक्ती आणि वल्ली हे आपलं वैभव, पण तिथे शिरायला भाषा पिकलेली लागते. सहा वर्षांच्या मुलाला पुलंची ध्वनिफीत ऐकवून ‘हस ना’ म्हणणं हा त्या मुलावरही अन्याय आणि पुलंवरही. अंगविक्षेपांचा विनोद आपल्याकडे नव्हता असं नाही. तमाशातला सोंगाड्या नुसता चालत आला तरी पोरं खिदळायची, आणि अशोक सराफ किंवा लक्ष्मीकांत बेर्डे यांचे हातवारे आवाज बंद करून पाहिले तरी हसू येतं. तरीही सुशिक्षित घरांमध्ये या विनोदाकडे जरा खालच्या दर्जाचा म्हणून पाहिलं जातं. ते मला अजिबात पटत नाही. बीनची एक भुवई वर जायला किती तयारी लागत असेल याचा विचार करावा. मुलाला विनोदाच्या घरात नेणारा पहिला दरवाजा शरीराचाच असतो. तिथून आत गेलेलं मूल पुढे चिमणरावापर्यंत आपल्या पायांनी जातं.

बीन चांगला माणूस नाही, हे मात्र लपवू नये. मुलाने अनेकदा विचारलं, “तो चांगला आहे की वाईट?” परीक्षेत तो शेजाऱ्याच्या पेपरात डोकावतो. त्याची पिवळट-हिरवी मिनी निळ्या रंगाच्या तीनचाकी रिलायंट गाडीला पुनःपुन्हा धक्के देते, पाडते, आणि तो ढुंकूनही बघत नाही. मुलगा त्या गाडीला ‘रिक्षा’ म्हणतो आणि तिचा चालक कधीच दिसत नाही याचं त्याला फार वाईट वाटतं. हॉटेलात आवडलेलं नाही ते कच्चं मांस बीन साखरेच्या भांड्यात, फुलदाणीत, पावाच्या पोटात, जमेल तिथे लपवतो. (दोडक्याची भाजी ताटाखाली सरकवणाऱ्याला हा प्रसंग समजावून द्यावा लागला नाही.) तो लबाड आहे, हेवा करणारा आहे, हट्टी आहे. मी मुलाला तेच सांगितलं: तो कधी कधी वाईट वागतो. हे उत्तर त्याला चाललं. तोही कधी कधी वाईट वागतो.

याच हॉटेलच्या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे, जी लहानपणी माझ्या नजरेतून निसटली होती. बीन तिथे आला आहे तो स्वतःच्या वाढदिवसाला. एकटा. टेबलावर बसून तो स्वतःलाच शुभेच्छापत्र लिहितो, पाकिटात घालतो, मग पाकीट उघडून चकित होतो. नाताळच्या भागातही त्याला आलेली कार्डं त्याची त्यानेच टाकलेली असतात. आम्ही याला हसलो होतो. मुलगा हसला नाही. त्याने विचारलं, “त्याला कुणीच बोलावत नाही का वाढदिवसाला?” नाताळच्या याच भागात इर्मा गॉब, बीनची मैत्रीण, दुकानाच्या काचेतली अंगठी बोटाने दाखवते. बीनला वाटतं तिला तिथली तसबीर हवी आहे; तो तीच आणतो, आणि अंगठीच्या डबीतून निघतो तो तसबीर टांगायचा हूक. ती रडत निघून जाते. टर्की डोक्यात अडकण्याच्या प्रसंगाने हा भाग जगभर गाजला, पण आमच्या घरी तो इर्माचा भाग आहे. हसवणाऱ्या माणसाची कीव येणं हा मुलाच्या मनाचा मोठा टप्पा आहे, आणि तो कोणत्याही बोधकथेतून इतक्या सहज आला नसता.

तेव्हा टेडी, म्हणजे बीनचं खेळण्यातलं अस्वल, हाच त्याचा एकुलता एक मित्र, हे मुलाने आपलं आपण ठरवलं. बीन त्याला बोटांच्या चुटकीने संमोहित करून झोपवतो, नाताळात भेट आणतो, आणि गरज पडली की त्याच टेडीने रंग लावतो. या शेवटच्या गोष्टीबद्दल त्याने बीनला अजून माफ केलेलं नाही.

काही प्रसंग मी मागे ठेवले. बसथांब्यावर कोसळलेल्या माणसावर बीन विजेच्या तारांचे प्रयोग करतो, तो प्रसंग सहा वर्षांच्या मुलासाठी नाही. चित्रपटगृहातल्या भयपटाचाही नाही. पोहण्याच्या तलावातल्या उंच फळीचा मात्र मी दाखवला, कारण त्या सुट्टीत मुलगा पोहायला जात होता आणि रडत होता. फळीच्या टोकाला हातांनी लोंबकळणारा मोठा माणूस आणि वर वाट बघून कंटाळलेली पोरं पाहून तो आधी घाबरला, मग इतका हसला की उचकी लागली. रंगकामाचा प्रसंग घरोघरी अडचणीचा. बीन खोलीतली एकूण एक वस्तू वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळतो, द्राक्षांचा एक एक मणीसुद्धा, आणि रंगाच्या डब्यात फटाका लावून देतो. विसरलेली टोपी न्यायला आलेल्या माणसाची आकृती तेवढी भिंतीवर कोरी उरते. प्रसंग सुरेख आहे, पण ज्या घरात दिवाळीत सुतळी बॉम्ब येतो तिथे ‘हे करायचं नाही’ हे स्पष्ट सांगावंच लागतं. ते हसून झाल्यावर सांगावं. मी तसंच केलं आणि ते ऐकलं गेलं.

पुन्हा पाहण्याबद्दल दोन शब्द. मोठ्यांना माहीत झालेला विनोद शिळा वाटतो. मुलांचं उलट असतं. दुसऱ्यांदा पाहताना मुलगा पहिल्यापेक्षा जास्त हसला, कारण आता शिंक येणार हे त्याला माहीत होतं आणि बीनला नव्हतं. तिसऱ्यांदा आजी आत भाजी निवडत होती, तिला त्याने हाताला धरून आणून बसवलं आणि “आता काहीतरी होणार आहे, पण मी सांगणार नाही” असं बजावलं. म्हणून एकच प्रसंग पुनःपुन्हा मागितला तर कंटाळू नका, नवा लावायची घाई करू नका.

प्रकरणांचा क्रम मी मालिकेचा ठेवलेला नाही, मुलाच्या वयाचा ठेवला आहे. पहिल्या भागातला परीक्षेचा प्रसंग सगळ्यात शेवटी आहे. बीन त्रिकोणमितीचा अभ्यास करून आलेला असतो आणि पेपर निघतो कलनाचा. हे दुःख कळायला मुलाने निदान एकदा तरी हातात प्रश्नपत्रिका धरलेली हवी. सुरुवात तिसऱ्या भागापासून केली आहे, बागेतल्या बाकावर. मासे निघतात तिथे मुलाला डोळे मिटायचे असतील तर मिटू द्या. शिंकेच्या आत तो ते आपणहून उघडतो.